टाकीच्या तोंडाशी

दोरीला एक झटका दिला की आतून उलटा झटका यायचा. तो आला की तिच्या जिवात जीव यायचा.

टाकीत नवरा उतरला होता, तळाचा गाळ खरवडायला. टाकीचं तोंड जेमतेम एक माणूस जाईल एवढंच. तिथे बसून त्याच्यावर लक्ष ठेवायचं, ही तिची नवी नोकरी. “लग्न झाल्यापासून हेच तर करतेस,” उतरताना तो म्हणाला होता, “आता निदान पगार तरी मिळेल.”

तिच्या जाकिटाच्या पाठीवर ‘होल वॉच’ असे इंग्रजी शब्द छापले होते. शिकवणाऱ्या साहेबांनी त्यांची फोड करून सांगितली होती. सिनेमा आपण ‘वॉच’ करतो, माणसाला मात्र ‘वॉच ओव्हर’ करायचं. म्हणजे तो सुखरूप बाहेर येईपर्यंत नजर हलवायची नाही. आणि काहीही झालं तरी स्वतः आत उतरायचं नाही; शिट्टी वाजवून मास्कवाल्यांची वाट बघायची. आत विषारी वायू साठला, तर वाचवायला गेलेलाही परत येत नाही. तिने मान डोलावली होती. वर्गात बसून मान डोलवायला काय जातं?

तिने झटका दिला. उलटा आला नाही. पुन्हा दिला. हाक मारली. दोरी सैलच.

तिने जोरात शिट्टी वाजवली. आणि सरळ एक पाय टाकीत घातला. नोकरी, नियम, सगळं खड्ड्यात गेलं.

पलीकडे पाइप जोडणारा धाकटा दीर धावत आला. त्याने तिचं मनगट धरलं, आत डोकावून पाहिलं आणि तिच्या कानाशी पुटपुटला, “वहिनी, सराव आहे हा. दादा मुद्दाम गप्प बसलाय. तुझी परीक्षा चाललीय. उतरलीस तर नापास.”

तिने पाय मागे घेतला. नवऱ्याचा असा राग आला तिला. घरी या म्हणावं, बघतेच. पण मघाच्या भीतीपेक्षा हा राग कितीतरी बरा होता.

मास्कवाले धावत आले, आत उतरले. सोंगही कसं हुबेहूब. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. नवऱ्याला वर काढून जमिनीवर निजवलं, तर तोही डोळे मिटून पडलेला. एकजण त्याची छाती दाबू लागला.

“भावोजी, पुरे झालं आता,” ती म्हणाली. “पास की नापास ते सांगा, आणि उठवा ह्यांना.”

दिराने तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “सराव नव्हता गं तो.”