दुबईला जाणाऱ्याचा सत्कार

शाल अंगावर पडली तेव्हा विघ्नेशचे खांदे थरथरत होते. सभागृहातल्या लोकांना वाटलं, पोरगा भारावलाय. खरं कारण दिनानाथला, त्याच्या बापाला, माहीत होतं. तो फरशीकडे बघत टाळ्या वाजवत राहिला.

वसईजवळच्या सांडोर गावच्या मंडळाची ही पद्धत होती. गावचा मुलगा परदेशी नोकरीला निघाला की त्याला शाल, नारळ आणि सुकेळीचा एक पुडा द्यायचा. तिकडे गेल्यावरही आपल्या वाडीतल्या या सुकवलेल्या केळ्यांची चव तोंडात राहावी म्हणून. गेल्या वर्षी गावातल्या कृष्णाचा मुलगा प्रीतम कुवेतला निघाला तेव्हा असाच सत्कार झाला होता. आज विघ्नेश दुबईला निघाला होता. निदान दिनानाथने तसं सांगितलं होतं, आणि तेही एकालाच. पण गावात एकाला सांगितलं की पुढचं काम आपोआप होतं. मंडळाचा अध्यक्ष जितेंद्र दुसऱ्याच दिवशी तारीख ठरवून मोकळा झाला.

विघ्नेश कुठल्याही दुबईला जात नव्हता. एमडी नावाच्या नशेच्या पावडरीपायी त्याची नोकरी गेली होती, आणि देवघरातली चांदीची निरांजनंही गेली होती. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं होतं.

दिनानाथने दोन केंद्रं बघितली होती. एक वसईतच, बाजाराच्या रस्त्यावर. फी झेपणारी होती, हप्त्यानेही चालणार होती. फक्त तिथल्या बाईंची एक अट होती. दर रविवारी आईबापांपैकी एकाने येऊन बैठकीला बसायचं. "त्याच्याइतकीच तुमचीही गरज आहे आम्हाला," त्या म्हणाल्या होत्या. रविवारी त्या रस्त्याला अर्धं गाव मासळी घ्यायला येतं. दिनानाथ पुढचं न ऐकताच उठला होता.

दुसरं केंद्र दूर, घाटावर. पैसे जवळजवळ दुप्पट, आणि सगळे आधी. पण तिथला माणूस म्हणाला होता, "तीन महिने कुणी यायचं नाही, फोन करायचा नाही. आमच्याकडे पाटीसुद्धा नाही. कुणाला पत्ता लागणार नाही." दिनानाथला तेच हवं होतं. विहिरीवरच्या नव्या पंपासाठी ठेवलेले पैसे त्याने तिथे भरून टाकले. पाटी नसल्याचेच जास्तीचे पैसे होते, हे त्याला कळत होतं. घराण्याच्या नावापुढे पंप काय मोठा, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

"आता कृष्णाभाऊंच्या हस्ते सुकेळी!" जितेंद्र माइकवरून म्हणाला.

कृष्णा दाराजवळच्या खुर्चीवरून उठला. त्याने पुडा विघ्नेशच्या हातात ठेवला, पण हात लगेच काढून घेतला नाही. लतिकाने, विघ्नेशच्या आईने, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "प्रीतमचा फोन येतो ना, भाऊ?"

"येतो की. रविवारी," कृष्णा म्हणाला आणि परत दाराजवळ जाऊन बसला.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कृष्णाची गावात थट्टा व्हायची. हल्ली तो रोज संध्याकाळी भाजीची टोपली घेऊन गाव सोडून तुळिंजच्या गर्दीच्या बाजारात बसायचा आणि भरलेली टोपली तशीच परत आणायचा. गिऱ्हाईकाने भाव विचारला तरी त्याचं लक्ष नसायचं, नुसता येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत बसायचा. कुवेतचा पैसा आल्यावर भाजी कोण विकतो, असं लोक म्हणायचे.

विघ्नेश येऊन बापाशेजारी बसला. मांडीवर पुडा, कपाळावर घाम. तो हळूच म्हणाला, "बाबा, ते वसईतलंच बघा ना. तिथे तुम्ही रविवारी आला असता. घाटावर भेटायला याल?"

"दुबईला काय कुणी रविवारी भेटायला जातं?" दिनानाथ म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याने स्वतःचं वाक्य ऐकलं. थाप गावासाठी होती. ती त्याने पोराच्याच तोंडावर मारली होती. विघ्नेशने नुसती मान हलवली, बापाचं पटल्यासारखी. दिनानाथला इतके दिवस पोराची लाज वाटत होती. आता पहिल्यांदा स्वतःची वाटली, आणि ती जास्त झोंबली.

"वडिलांनी दोन शब्द बोलावेत," जितेंद्र म्हणाला.

दिनानाथ उठला. त्याने माइक हातात घेतला.

"विघ्नेश दुबईला जात नाही," तो म्हणाला. "तो नशा करतो. त्याला उपचाराला ठेवतोय. लांब, पाटीही नसलेल्या जागी ठेवणार होतो, तुम्हाला कळू नये म्हणून. आता इथेच वसईत ठेवीन. दर रविवारी मी तिथे जाणार आहे. बाजारात भेटलात तर विचारा, कसा आहे म्हणून."

त्याने माइक खाली ठेवला. लतिकाने पदर तोंडाला लावला होता. जितेंद्र छताकडे बघत होता, आणि बाकीचे एकमेकांकडे. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. दिनानाथला वाटलं, झालं, नाव गेलं.

मग दाराजवळची खुर्ची सरकली. कृष्णा उभा राहिला होता. त्याचे हात जोडलेले होते.

"आमचा प्रीतम हरवलाय हो," तो म्हणाला. "अशाच एका पाटी नसलेल्या जागेतून पळाला, दिवाळीत. शोधायला चला, असं तुम्हाला कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? तुमच्या लेखी तो कुवेतला होता."