बांबूवरची संत्री

मेकाँगवरच्या आमच्या तरंगत्या बाजारात जे विकायचं, ते होडीच्या बांबूला टांगतात. आमच्या बांबूवर संत्री होती, पण फ्लूची साथ आल्यापासून गिऱ्हाईक लांबूनच निघून जायचं. शेजारच्या होडीतले दोघं तापाने गेले होते. आता ह्यांना ताप होता.

"दवाखान्यात चला," मी रोज म्हणायची.

"होडीभर संत्री असताना दवाखाना कशाला? सोल एक!" हे हसायचे, आणि हसता हसता खोकत राहायचे.

आज मी काठावरून पेज घेऊन आले, तर साऊकाकांची होडी आमच्याकडेच वळली. आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक! मी घाईघाईने तराजू काढला.

"किती किलो देऊ, काका?"

"संत्री नकोत, लुआ. होडी केवढ्याला देणार ते सांग."

मी वर पाहिलं. संत्री उतरवली होती. त्या जागी नारळाची झावळी बांधली होती. खुद्द होडीच विकायची असली, की इथे झावळी टांगतात.

मी आत धावले. हे धापा टाकत पडले होते, हाताला अजून सुतळी गुंडाळलेली.

"एकटीला झेपायची नाही गं तुला ही होडी," हे म्हणाले.