सेकंदाला तीन

"चूक माझी हाय, इनुसभाई. मी फोनवर नुसतं तीन म्हनलो. मीटर म्हनायचं राहून गेलं माझ्याकडनं."

सर्जेराव दौंडच्या सरकारी विश्रामगृहाच्या पायरीवर उभा होता. शिरूरहून सकाळच्या पहिल्या एसटीनं आला होता. आत चौकशीचे साहेब बसले होते आणि दोघांनाही बोलावणं यायचं होतं. इनुस त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची बायको हुसेनबी हिच्या मौतीनंतरचा चाळीसावा होऊन गेला होता. इतक्या दिवसांत, तुझी चूक नाही, असं त्याला एकानंही म्हटलं नव्हतं.

दोघांची ओळख बारा वर्षांची, पण जवळजवळ सगळी फोनवरची. सर्जेराव शिरूरला घोडनदीच्या पूरचौकीवर होता. नदीला पाणी चढलं की तो प्रवाहात ओंडका सोडायचा, घड्याळ लावून त्याची चाल मोजायचा आणि सेकंदाला इतके फूट असं दौंडला कळवायचा. दौंडच्या चौकीवर इनुस त्याचे तासाला मैल करायचा. कागद लागायचा नाही. फुटांच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा केला की मैल. नदीच्या वळणांनी अंतर छत्तीस मैल. त्याला भागलं की पाणी दौंडच्या घाटाला किती वाजता लागणार ते कळायचं. मग गावात दवंडी फिरायची, आणि लोक त्या वेळेच्या भरवशावर जनावरं हलवायचे, कडबा उचलायचे. अर्ध्या तासापलीकडे इनुस कधी चुकला नव्हता.

बासष्ट साली नवी मापं आली. जूनपासून फुटांऐवजी मीटरमध्ये कळवायचं, असा हुकूम निघाला. मीटर म्हणजे जवळपास सव्वातीन फूट. इनुसनं हुकूम वाचला, सही केली आणि खिळ्याला टांगला. त्या साली पाऊस रडतखडत पडला. पहिला पूर आला तोच सप्टेंबरात.

सकाळी आठला फोन वाजला. तीन, हा आकडा इनुसच्या कानात शिरला आणि फोन खाली ठेवायच्या आत त्याचे दोन मैल झालेसुद्धा. छत्तीसला दोननं भाग, अठरा तास. पाणी रात्री दोनला येणार. त्यानं दवंडीवाल्या दगडोबाला तसं सांगून धाडलं.

हुसेनबी न्याहारी घेऊन चौकीवर आली होती. तिच्या पाच शेळ्या नदीतल्या बेटावर चरायला सोडलेल्या होत्या. तिनं विचारलं, "आत्ताच जाऊन आणू का?"

"घाई न्हाई. चरू दे. दुपारी जेवून जा," इनुस म्हणाला.

पाणी दुपारी दीडच्या आतच आलं. सेकंदाला तीन मीटरचं पाणी, ते अठरा तास कशाला लावेल? घाटावरच्या बायांनी आधी आवाज ऐकला, मग समोर बघितलं. हुसेनबी शेळ्या हाकत पात्राच्या मध्यावर आली होती. त्या वेळी नदीत दुसरं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती पुलाच्या खालच्या अंगाला बाभळीत सापडली. दोन शेळ्या पोहून काठाला लागल्या आणि सवयीनं घरी आल्या. दारात उभ्या राहून त्या ओरडायला लागल्या तेव्हा इनुसच्या दोन्ही पोरी आईला हाक मारत बाहेर धावल्या.

"माझी नोकरी दोन महिन्यांची राह्यलीय," सर्जेराव पायरीवर खालच्या आवाजात म्हणाला. "मला काय करनार हायत? तुमच्यामागं दोन पोरी हायत. तुमी फकस्त व्हय म्हना."

तेवढ्यात शिपायानं दोघांना आत बोलावलं.

सर्जेरावानं साहेबांपुढे सगळं नीट सांगितलं. बोलताना अडखळला नाही. कारकुनानं ते उतरून घेतलं. मग साहेबांनी कागद इनुसकडे सरकवला. साहेब भले होते. त्यांनाही हे प्रकरण संपवायचंच होतं.

"म्हणजे यांनी मीटर म्हटलं नाही, म्हणून तुम्ही फूट धरले. बरोबर ना? इथं सही करा."

इनुसनं टाक उचलला. सर्जेराव भिंतीकडे बघत होता. एक सही, की नोकरी राहत होती, पोरी उघड्यावर पडत नव्हत्या, आणि उरलेल्या आयुष्यात गावात मान वर करून फिरता आलं असतं. टाकाचं टोक कागदाला लागलं. तिथं शाईचा ठिपका वाढत गेला. इनुसनं टाक खाली ठेवला.

"ते मीटरच म्हनले, साहेब. दोनदा म्हनले. माझ्यासाठी खोटं बोलत्यात ते."

"इनुसभाई," सर्जेराव म्हणाला.

"मग तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?" साहेबांनी विचारलं.

"आलं हुतं. माझी बायकू दारात उभी हुती. फोनवरचं वरडनं तिलाबी ऐकू गेलं. बारा वर्सं ती फूट, फूट ऐकत आलेली. मला म्हनली, आवो, आज ते फूट न्हाई म्हनले, दुसरंच कायतरी म्हनले. परत इचारून घ्या." कारकुनाचा टाक थांबला होता. "मी तिला म्हनलो, तुला काय कळतंय त्यातलं."