साठ पूर्ण होईपर्यंत

हरभऱ्याएवढी गाठ. शाळा सोडल्याचा दाखला. कॅलेंडरवर एक जूनभोवती लाल पेनाचा गोल. शेजारच्या नर्सला न विचारलेला चहा.

कुसाबाईंच्या हाताला छातीतली गाठ लागली, तेव्हा २००८ चा मार्च चालू होता. ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात साठ पूर्ण झाल्याशिवाय नाव घेत नव्हते, आणि दाखल्याप्रमाणे त्यांची साठ एक जूनला भरणार होती.

"आत्ता डॉक्टरला दाखवलं, तर ते कागदावर येईल," त्यांचे यजमान खंडेराव म्हणाले. "मग विमेवाले म्हणतील, दुखणं जुनं आहे. ऑपरेशनला काही मिळणार नाही."

एप्रिलमध्ये गाठ बोराएवढी झाली. शेजारची नर्स आली की कुसाबाई पदर आवळून घ्यायच्या आणि तिला दारातूनच वाटेला लावायच्या.

मे संपत आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आता काखेतबी काहीतरी लागतंय. लय भ्या वाटतं."

"अकरा दिवस राहिले फक्त."

"आय म्हणायची, मी स्वातंत्र्य आलं त्या सालच्या दसऱ्याची. म्हंजे माझी साठ कधीच सरली ना?"

"आईचं तोंडी चालत नाही तिथं. दाखलाच लागतो."

"आन् यम? त्यो बी दाखला बघूनच येतो का?"

खंडेरावांनी लाल पेन घेऊन कॅलेंडरवरचा आजचा दिवस खोडला.

निवृत्त होईपर्यंत ते नांदगावच्या शाळेत मास्तर होते, आणि ज्या मुलाची जन्मतारीख आईबापाला सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे ते एक जून लिहीत असत.