टिटवीचं सोंग

खजिन्याचा डबा पायवाटेला लागूनच, समोरच्या दगडाआड असल्याचं फोनवरचा बाण सांगत होता. कालिंदीने मागे पाहिलं. थोरल्या जाऊबाई पोरांना घेऊन अजून वळणावरच धापा टाकत होत्या. निसर्ग केंद्रातल्या या खजिना शोधण्याच्या खेळात आजवर कालिंदीला कुणी हरवलं नव्हतं.

तेवढ्यात एक टिटवी कलकलाट करत पुढ्यात आली आणि पंख जमिनीवरून ओढत लंगडू लागली.

"आई, तिचा पंख मोडलाय गं!" लेक रडवेली झाली.

"मोडलाय कसला! सोंग करतेय बया, आपल्याला लांब न्यायला." माणदेशाच्या माळरानावर वाढलेल्या कालिंदीने उचललेलं पाऊल मागे घेतलं आणि खाली निरखून पाहिलं. दगडाला चिकटून, खडेच वाटावेत अशी चार ठिपकेदार अंडी उघड्यावर पडली होती.

"पण डबा तर हा दिसतोय! काकू येतील आता."

"येऊ दे." कालिंदीने फोन पिशवीत टाकला आणि येऊन पोचलेल्या जाऊबाईंचा हात धरला. "ताई, डबा राहू दे, इथे टिटवीची अंडी आहेत. केंद्रात सांगून तो इथून हलवायला लावू. आत्ता सगळे या टिटवीच्या मागे चला. आणि जरा फसल्यासारखी तोंडं करा."

सगळी वरात लंगडणाऱ्या टिटवीमागून निघाली. बरंच लांब गेल्यावर टिटवी धडधाकट पंखांनी भुर्रकन उडून गेली.

"आई, तिला खरंच वाटलं, आपण फसलो आणि हरलो?"

"वाटणारच," कालिंदी म्हणाली. "मी हरले तरी झोकात हरते!"