दोघांत एक जोड

बायकोच्या तेराव्याला सवाष्णीला द्यायच्या नव्या चपला दत्तारामनं मेहुणीपुढे ठेवल्या. तिनं पाय घालून पाहिला. "भावजी, या तर पुरुषाच्या. मला पाच नंबर लागतो." "मालनला नऊ लागायचा." "काहीतरीच. लग्नात माझ्याच चपला घालून आली होती ती." दत्तारामची मान खाली गेली. गिरण्यांच्या संपात मालन म्हणाली होती, "अहो, पाय वाढतायत माझे. डोकंही ठणकतं. डॉक्टरला दाखवूया ना." चाळीला ऐकू जाईल असं तो हसत म्हणाला, "बरंच झालं. आता दोघांत एक जोड पुरेल." त्यानंतर ती त्याच्याच चपला घालू लागली. मेंदूखालच्या ग्रंथीतली गाठ पाय वाढवत होती, हे कळलं तेव्हा तिची नजरही गेली होती. "बदलून आणतो," म्हणत तो उठला. दारात दोघांचा जोड होता. त्यात पाय घालवेना. वाकोल्याच्या बाजाराकडे तो अनवाणीच निघाला.