‘मूळ गाव’ची चौकट

लातूरच्या क्लासचा ऑनलाइन प्रवेशअर्ज बनवणाऱ्या यज्ञेशला काउंटरवरच्या सिंधुमावशी म्हणजे डोक्याला ताप. भूकंपात त्यांचं गाव माणसांसकट गाडलं गेलं त्याला तीस वर्षं झाली, तरी बाई टेबलावर पेल्यावर पेला रचून ठेवणार. धक्का बसला की वाजतो म्हणे.

“सर, कर्सर आपसूकच ‘मूळ गाव’च्या चौकटीत जाऊन बसतोय.”

“तुमचंच बोट लागत असेल, मावशी. कॉम्प्युटर काय आपोआप चालतो का?”

तरी त्यानं कोडमध्ये सोय केली: कर्सर चौकटीत शिरला की स्क्रीनवर ‘आत’ उमटेल, निघाला की ‘बाहेर’. मग कीबोर्ड आणि माउस काढून ठेवले.

पेला किणकिणला.

‘आत’ उमटलं.

“विमल,” सिंधुमावशी पुटपुटल्या.

पुन्हा ‘आत’.

“दगडोबा.”

ओळी भराभर वाढत गेल्या. ‘बाहेर’ एकदाही आलं नाही.